अनुदान मागायला निघण्याआधी

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढा पाऊस पडूनही शिमगा सरला की वाडीवरच्या बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात, आणि एप्रिल-मे महिन्यात डोंगरावरच्या धनगरवाड्या टँकरची वाट बघत बसतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, पऱ्ये-वहाळ दिवाळीनंतर आटत जातात, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

ग्रामसभेत विषय निघतो. वरच्या झऱ्याचं काहीतरी करायला पाहिजे, असे कोणीतरी म्हणतो. सगळे माना डोलावतात. मग मागून प्रश्न येतो, ‘‘पण पैसं आणायचं कुठनं?’’ तिथेच तो विषय मिटतो. पुढचा विषय पाखाडीचा, त्यापुढचा साकवाचा. झरा पुढच्या मे महिन्यापर्यंत विसरला जातो.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. मार्चअखेर जवळ आली की सरकारी कार्यालयांत एकच घाई सुरू होते. या शीर्षाखाली इतका निधी शिल्लक आहे, ताबडतोब प्रस्ताव पाठवा, असे फोन गावात येतात. चार दिवसांत जमीनमालकाची संमती कुठून आणणार आणि अंदाजपत्रक कोण करणार? मग ज्याची फाइल तयार असते त्याला निधी मिळतो, नाहीतर तो अखर्चित राहतो. म्हणजे गावात पैसा नाही म्हणून काम नाही, आणि कचेरीत प्रस्ताव नाही म्हणून पैसा पडून. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

यात आणखी एक वाईट गोष्ट होते. गावाने आपला आराखडा केला नाही, तर तो दुसरा कोणीतरी करतो. मग बंधारा पाणी थांबते तिथे न होता, जेसीबी पोचतो तिथे होतो. पहिल्या पावसाळ्यात त्यात गाळ बसतो, दुसऱ्या पावसाळ्यात कडेची माती वाहून जाते. फलकावरचा खर्चाचा आकडा तेवढा शाबूत राहतो.

म्हणून या लेखात योजनांची यादी शेवटी आणि गावाची तयारी आधी घेतली आहे. अनुदान गरजेला मिळते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते तयारीला मिळते.

वेळासने आधी काय केले

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मात्र बाहेरचा माणूस तिथे सहसा फिरकत नसे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांचा अभ्यास करताना या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे इथे अंडी घालतात, आणि त्यातली बरीच अंडी माणसे, कुत्री आणि कोल्हे यांच्या तोंडी जातात, हे लक्षात आले. भाऊ काटदरे यांच्या या संस्थेने गावाला हाताशी धरून काम सुरू केले.

काम काय होते? पहाटे किनाऱ्यावर चालायचे. कासवाच्या पावलांचा माग काढून घरटे शोधायचे, अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची. साधारण पन्नास-साठ दिवसांनी पिल्ले बाहेर आली की मोजून समुद्रात सोडायची. जाळी, बांबू, वही आणि रोज पहाटे उठणारी गावातली माणसे, एवढेच भांडवल.

२००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले बघायला पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली, गावकऱ्यांच्या घरी राहू लागली, उकडीचे मोदक आणि भाकरी खाऊन पैसे देऊ लागली. कासव राखले तर घरात चार पैसे येतात, हे गावाला कोणी भाषणातून सांगावे लागले नाही. पुढे वन विभाग आणि २०१२ मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष या कामात उतरला. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादी कासवाच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले गेले, तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. पहाटेच्या वहीतून सुरू झालेले काम वीस वर्षांत तिथवर पोचले.

यातला क्रम ध्यानात घ्या. आधी काम, मग नोंद, मग नाव आणि त्यानंतर मोठा पैसा. आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा धरतो. पैसा आला की काम करू, असे म्हणतो.

बादली, घड्याळ आणि वही

नोंद म्हणजे काय, हे झऱ्याच्या उदाहरणानेच बघू. समजा, तीस घरांची एक वाडी आहे, माणसे दीडशे. वाडीच्या वर एक झरा आहे. मे महिन्यात पाणी पुरत नाही. ‘आमच्याकडे तीव्र पाणीटंचाई असून तरी आपण निधी द्यावा ही विनंती,’ असा अर्ज आपण लिहितो. असे अर्ज प्रत्येक कचेरीत गठ्ठ्याने पडलेले असतात.

त्याऐवजी पंधरा लिटरची एक बादली आणि घड्याळ घ्या. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या तारखांना, झऱ्याच्या तोंडाशी बादली धरा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते वहीत लिहा. समजा, नोव्हेंबरात बादली पन्नास सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १८ लिटर, दिवसाला २५,९२० लिटर. मे महिन्यात तीच बादली भरायला पाच मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला ३ लिटर, दिवसाला ४,३२० लिटर.

आता गरज काढा. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. दीडशे माणसांना ८,२५० लिटर लागतात. नोव्हेंबरात गरजेच्या तिप्पट पाणी येते आणि उरलेले वहाळाने खाडीला जाते. मे महिन्यात रोज ३,९३० लिटर कमी पडतात.

या चार ओळींनी बरेच काही उलगडते. पहिली गोष्ट, रात्रीचे पाणी. झरा रात्रभर वाहतो, पण हंडा लावायला कोणी नसते. झऱ्याखाली दहा हजार लिटरची टाकी असेल तर निदान मे महिन्याचे ४,३२० लिटर तरी पुरते हाती लागतील. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. दुसरी गोष्ट, उरलेली तूट भरून काढायला झऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी जिरवायला हवे. चर, दगडी बांध आणि झाडी ही कामे तिथली. तिसरी गोष्ट, काम झाल्यावर पुढच्या मे महिन्यात पुन्हा बादली धरता येते. फरक पडला की नाही, ते साऱ्या गावाला दिसते.

अशी एका वर्षाची वही ज्या गावाकडे आहे, त्याचा अर्ज गठ्ठ्यातून वर येतो. साहेबालाही सही करायला आधार मिळतो. ही वही वाडीतल्या बायकांकडे द्यावी, कारण पाणी त्याच भरतात. शाळेतली पोरे हिशेब करतील.

एक खबरदारी मात्र घ्या. डोंगराला भेगा पडल्या असतील किंवा उतार फार उभा असेल, तर आपल्या मनाने वर चर खणू नका. जुलै २०२१ मध्ये खेड तालुक्यातल्या पोसरे गावावर दरड कोसळून काय घडले, ते आपण पाहिले आहे. जागा आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाला दाखवा आणि त्याचा लेखी अभिप्राय फाइलला लावा.

जागा कोणाची?

कोकणातली खरी अडचण पैशाच्या आधी सातबाऱ्यावर आहे. देशावर गायरान असते, सरकारी पड असते. आपल्याकडे सरकारी वन फारच थोडे, बहुतेक डोंगर खाजगी. सातबाऱ्यावर भावकीतली वीस-पंचवीस नावे. त्यातले काही मुंबईला, काही पुण्याला, काही वारलेले आणि वारसनोंद नाही. झरा एकाचा, वरचा सडा दुसऱ्याचा, पाइप जाणार तिसऱ्याच्या कलमांतून. यातल्या एकानेही हरकत घेतली की काम थांबते.

म्हणून संमतीपत्र हा फाइलचा पहिला कागद. कोणता गट नंबर, किती जागा, कशासाठी, कायमची की काही वर्षांसाठी, मालकाला पाणी किती, हे सगळे स्पष्ट लिहून सह्या घ्याव्यात. ग्रामसभेचा ठराव त्याला जोडावा. तोंडी शब्दावर विसंबू नये. आज ‘घ्या की, गावाचंच काम आहे’ म्हणणाऱ्या माणसाचा मुलगा उद्या वेगळे म्हणू शकतो.

आणि सह्या कधी घ्यायच्या? गणपतीत आणि शिमग्यात. चाकरमानी घरी असतो, भावकी एका ओसरीवर बसलेली असते, वातावरण चांगले असते. जानेवारीत मुंबईला जाऊन वीस दारे ठोठावण्यापेक्षा आरतीनंतर अर्धा तास बसणे सोपे.

खाजगी रानाच्या मालकाबरोबर लेखी करार करून निसर्ग राखता येतो, याचेही उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे. ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ ही पुण्याची संस्था संगमेश्वर तालुक्यातल्या देवराया आणि खाजगी जंगले राखण्याचे काम वर्षानुवर्षे करते. झाडे न तोडण्याचे करार तिने मालकांशी केले. धनेश पक्षी ज्या बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत घरटी करतात, त्याच झाडांची फळे नीट पद्धतीने गोळा करून प्रमाणपत्रासह परदेशी कंपनीला विकण्याची वाट तिने घालून दिली. उभ्या झाडातून उत्पन्न मिळाले तर मालक कुऱ्हाड लावत नाही. करारामागे हे साधे गणित आहे.

दारे कोणकोणती

आता पैशाकडे वळू. एकाच दारावर बसून राहू नये. एका कामाचे तुकडे करून, प्रत्येक तुकडा त्याच्या योग्य दाराशी न्यावा.

पहिले दार आपल्या ग्रामपंचायतीचे. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला, हा गेल्या दहा-बारा वर्षांतला मोठा बदल. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात त्यातला ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे स्वच्छता, पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे अशा कामांनाच वापरायचा होता. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ. त्याचे नियम पंचायत समितीत विचारून घ्यावेत. पण मूळ गोष्ट तीच राहते. काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर त्यावर खर्च करता येत नाही. ‘आमचा गाव, आमचा विकास’ हा आराखडा दरवर्षी होतो, आणि त्याची मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या ग्रामसभेला आपण किती जण जातो? ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना गाव अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणते, ते एकटे बसून आराखडा भरत असतील तर दोष फक्त त्यांचा नाही.

दुसरे दार जिल्ह्याचे. जिल्हा नियोजन समितीची जिल्हा वार्षिक योजना, जिल्हा परिषदेचा कृषी विभाग, मृद व जलसंधारण विभाग, रोजगार हमी, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी, ही सगळी कामे या दारातून जातात. इथला क्रम पाठ असावा: ग्रामसभेचा ठराव, जागेची संमती, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश. काम होताना मोजमाप पुस्तिकेत नोंद, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. यातली एक कडी तुटली की बिल अडकते. प्रशासकीय मान्यतेआधी काम सुरू केले तर त्याचा पैसा मागता येत नाही, हे नीट लक्षात ठेवा. उत्साहाच्या भरात असे करून अनेक गावे फसली आहेत. रोजगार हमीचे नियम वेळोवेळी बदलतात. काम काढण्याआधी सध्या कोणता नियम लागू आहे, ते तालुक्याला विचारून घ्यावे.

तिसरे दार नाबार्डचे. पाणलोटाच्या कामासाठी नाबार्डकडे १९९९-२००० पासून स्वतंत्र निधी आहे. त्याआधी जर्मनीच्या मदतीने महाराष्ट्रात पाणलोटाचा मोठा कार्यक्रम चालला. त्याने एक शिस्त घालून दिली. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, छोट्या तुकड्यावर काम करायचे, ते जमले तरच पूर्ण पाणलोटाला पैसा. नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक असतात. त्यांना भेटायला ओळख लागत नाही, नकाशा आणि वही लागते.

चौथे दार कारखान्यांचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने, १ एप्रिल २०१४ पासून, मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. यालाच सीएसआर म्हणतात. पर्यावरण, पिण्याचे पाणी, ग्रामविकास ही कामे त्यात बसतात, आणि कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. रत्नागिरी तालुक्यात, जयगडला, गुहागरात, लोट्याच्या वसाहतीत अशा कंपन्या आहेत. मात्र सभामंडप आणि कमान मागायला जाऊ नका. ‘मे महिन्यात रोज ३,९३० लिटर कमी पडतात, टाकीने आणि चरांनी ते भरून निघेल, जागा आमची, मजुरी अर्धी आमची, सिमेंट आणि लोखंड तुम्ही द्या,’ असे सांगा. कंपनीलाही आपल्या अहवालात लिहायला मोजता येणारे काम हवे असते.

पाचवे दार खाडी आणि किनाऱ्यावरच्या गावांसाठी. राज्य सरकारची कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना २०१७ मध्ये सुरू झाली. खाजणातली झाडे गाव राखील आणि त्या बदल्यात खेकडेपालन, कालवे, पिंजऱ्यातले जिताडे, निसर्ग पर्यटन अशा धंद्यांना मदत मिळेल, असा तिचा आधार. गटाला ९० टक्के आणि एकट्या व्यक्तीला ७५ टक्के अनुदान, असे तिचे प्रमाण ठेवले गेले. यासाठी गावात सहव्यवस्थापन समिती लागते. जाळ्यात सापडलेले कासव किंवा देवमासा जाळे कापून सोडून दिला, तर फाटलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजनाही २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली. त्यासाठी सुटकेचा फोटो काढून ठेवावा लागतो. मोबाइल प्रत्येकाकडे आहे, फोटो काढायची सवय लावून घ्या.

सहावे दार परदेशी मदतीचे. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून जगभर चालला आहे, आणि त्यातून एका प्रकल्पाला ५० हजार डॉलरपर्यंत मदत मिळत आली आहे. अशा मदतीचे मोठे कौतुक असते, पण गावाने सरळ तिकडे धाव घेऊ नये. परदेशी देणगी घ्यायला केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी लागते आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत खाते लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणून नोंदणी असलेली जुनी संस्था स्वतः गावात येऊन काम करणार असेल तरच हा मार्ग धरावा.

हिशेब ज्याचा स्वच्छ, त्याला दुसऱ्यांदा पैसा

कोणाच्या नावाने मागायचे, हाही प्रश्न येतो. ग्रामपंचायत आहेच. कलम ४९ खाली ती ग्रामविकास समिती नेमू शकते. उमेद अभियानातले बचत गटांचे ग्रामसंघ आहेत, मच्छीमार सोसायट्या आहेत. नवी संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात आणि धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते. पण उठसूट संस्था काढू नये. सीएसआरसाठी बाहेरच्या संस्थेकडे तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आयकर खात्याच्या १२अ आणि ८०जी या नोंदण्या लागतात, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. कालच काढलेल्या मंडळाला हे जमणारे नाही. जुन्या संस्थेबरोबर जोडीने काम करावे आणि तीन वर्षे आपला हिशेब तपासून घ्यावा. मग स्वतः उभे राहावे.

हिशेबाबद्दल मोजकेच सांगतो. खाते दोघांच्या सहीचे ठेवा, त्यातली एक सही महिलेची असावी. प्रत्येक खर्चाची पावती ठेवा. श्रमदान केले तर त्याचेही हजेरीपत्रक ठेवा, कारण लोकवाटा म्हणून ते दाखवता येते. महिन्याचा जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावा. गावात पैशावरून जेवढी भांडणे होतात, त्यातली बरीचशी खाल्ल्यामुळे होत नाहीत, न सांगितल्यामुळे होतात.

आणखी एक सावधगिरी. ‘दिल्लीहून अनुदान मंजूर करून देतो, आधी एवढे भरा,’ असे म्हणणारे दलाल गावोगाव फिरत असतात. अर्ज मंजूर करण्यासाठी आगाऊ पैसे मागणारा माणूस दिसला की त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पहिली दहा टक्के आपल्या खिशातली

जागतिक बँकेच्या मदतीने २००३ पासून चाललेल्या जलस्वराज्य प्रकल्पात गावाने भांडवली खर्चाच्या दहा टक्के वाटा उचलायचा, अशी अट होती. पुढे जल जीवन मिशनमध्येही लोकवाट्याचे तत्त्व राहिले. दहा टक्क्यांनी सरकारचे फारसे काही वाचत नाही. पण ज्यात आपला पैसा आहे, ती टाकी फुटली तर माणूस विचारतो. फुकट आलेल्या टाकीचा वाली कोणी नसतो.

हा वाटा उचलायची ताकद कोकणच्या गावात नक्की आहे. वाडीवाडीचे मुंबईकर मंडळ आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला हीच मंडळे लाखांनी वर्गणी उभी करतात, पै-पैचा अहवाल छापतात, परळ-लालबागच्या खोलीत बसून वर्षानुवर्षे सभा घेतात. वर्गणी, पावतीपुस्तक, हिशेब, सभा यांतले काहीही आपल्याला नव्याने शिकायचे नाही. प्रश्न एवढाच, की ग्रामदेवतेच्या पालखीसाठी जो हात सैल सुटतो, तो तिच्याच राईतल्या झऱ्यासाठी सुटेल का? मंडळाने पूर्ण खर्च करावा असे कोणी म्हणत नाही. पहिले दहा टक्के द्यावेत, आणि वर्षाला थोडी रक्कम देखभालीसाठी बाजूला ठेवावी. उरलेल्या नव्वद टक्क्यांसाठी आपण दारे ठोठावू.

देखभालीचे तर आधीच ठरवायला हवे. अनुदानातून टाकी होते, पण टाकी धुणारा माणूस अनुदानातून मिळत नाही. चर खणले जातात, तिसऱ्या वर्षीचा गाळ काढायला मात्र कोणी येत नाही. तीस घरांनी महिन्याला वीस रुपये काढले तर वर्षाला ७,२०० रुपये होतात. गाळ काढायला, तोटी बदलायला एवढे पुरतात. ही पट्टी काम सुरू होण्याआधी ठरली पाहिजे. काम झाल्यावर ती कोणी देत नाही.

पैशावाचूनही सुरुवात होते

शेवटी, ज्यांच्याकडे आज काहीच नाही त्यांच्यासाठी. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात वहाळ वाहता असतो. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती गोळा करा, माती-वाळू भरा, तोंडे शिवा आणि वहाळात आडवी रचा. याला वनराई बंधारा म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण विजय बंधारा दगड आणि प्लॅस्टिकच्या कागदाचा आहे. वीस-पंचवीस माणसे एका दिवसात असा बंधारा घालतात. पहिल्या पावसात तो वाहून जातो हे खरे. पण तोवर खालच्या विहिरीला पाझर राहतो, गुराढोरांना पाणी मिळते, वायंगणी भाजीचे एखादे पीक निघते. उशीर करू नका. डिसेंबरात वहाळ आटल्यावर बांधलेला बंधारा फक्त फोटोपुरता.

आणि तो बांधल्यावर बादली, घड्याळ, वही विसरू नका. विहिरीला दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा. किती माणसांनी किती तास काम केले, ते लिहा. ते पान तुमच्या पुढच्या फाइलमधले पहिले पान होईल. वेळासच्या पहाटेच्या वहीत तरी वेगळे काय होते?

येत्या ग्रामसभेत झऱ्याचा विषय निघाला आणि मागून ‘पैसं कुठनं आणायचं’ असा आवाज आला, तर त्यालाच उलट विचारा: झऱ्याला पाणी किती आहे, जागा कोणाची आहे, आणि तुझे वीस रुपये महिन्याला येतील का? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या दिवशी कागदावर येतील, त्या दिवशी निम्मे अनुदान मिळाले असे समजा. उरलेल्या निम्म्यासाठी मार्चअखेरीला तालुक्यातून येणारा फोन वाजेल, तेव्हा तुमची फाइल तयार असेल.